नारळ फोडून वाचलेली पुस्तकं

मला गावाहून पिंपरीला पाठवलं ते उसनं. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी आणि देतानाच परतीची आठवण करून द्यावी, तसं. एसटीच्या पायरीवर माझा एक पाय होता, दुसरा अजून खाली होता, आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, कंडक्टरला थांबवून मला बजावत होते, "पोराचं पोट खानावळीत बिघडलंय म्हणून धाडतोय. त्येला बरं वाटलं की माघारी यायचं. तिथं बिऱ्हाड थाटायचं न्हाई." आई तिच्या गावाहून मुद्दाम मला बघायला आली होती. तिने खिडकीतून हात घालून माझ्या डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला आणि म्हणाली, "खाली मान घालून ऱ्हा, कुसुम. तिथं आपलं कुणी न्हाई."

खटाव तालुक्यातल्या त्या फाट्यावरून गाडी सुटली तेव्हा मी रडले. अगदी मनापासून रडले, ते नाकारण्यात काही अर्थ नाही. पण पुणं मागे टाकून गाडी पिंपरीला लागली, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या लांबच लांब भिंती दिसायला लागल्या, आणि सायकलींवरून घोळक्याने कामाला निघालेली माणसं बघताना माझं रडणं कधी थांबलं ते मला समजलं नाही.

हे सगळं मी तुम्हा गावाकडच्यांसाठी लिहितेय. माझ्या जावांसाठी, नणंदांसाठी, आमच्या आळीतल्या बायांसाठी. "कुसुम पुस्तकं वाचून वाया गेली" असं तुमच्यात बोललं जातं, ते माझ्या कानावर आहे. आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून माझ्यासारख्या इथे आलेल्या बायांसाठीही लिहितेय. त्या इथे ताठ मानेने वावरतात आणि जत्रेला गावी गेल्या की एसटीतून उतरतानाच मान खाली घालतात. मी वाया गेले तर कशी गेले, ते नीट माहीत तरी असू द्या.

आमची खोली पिंपरी गावात, अण्णांच्या चाळीत. अण्णा इथले जुने शेतकरी. जमीन कंपनीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी खोल्यांची एक रांग बांधली आणि आमच्यासारखी बिऱ्हाडं ठेवली. माणूस देवभोळा. श्रावण आला की चाळीच्या ओट्यावर पोथी लावायचे. पण मी आले त्या वर्षी त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि ओळी एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. त्यांनी चाळीत विचारलं, "वाचता कुणाला येतंय का रं?" पुरुष एक तर शिफ्टवर, नाही तर झोपलेले. मी सातवी पास होते. हळूच म्हणाले, मला येतं.

अशी मी पोथी वाचणारी झाले. तुम्हाला रीत माहीत आहे. आंघोळ करून बसायचं, पाटावर पोथी ठेवायची, हळदकुंकू वाहायचं, पहिल्या दिवशी नारळ फोडायचा. अध्याय संपल्याशिवाय उठायचं नाही आणि एकदा लावलेली पोथी समाप्तीशिवाय सोडायची नाही. समाप्तीला शिरा. ऐकायला आमच्या शेजारची सखूबाई असायची, जिला चार मुली होत्या आणि त्यावरून नवऱ्याचं रोज ऐकून घ्यावं लागायचं. अण्णांची सून तारा असायची, निघोज्याची मुलगी, माझ्याहून लहान. आणि चाळीच्या टोकाच्या खोलीतल्या जैनबभाभी. त्यांच्या नवऱ्याचं रस्त्यावर स्कूटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळच्या लातूरकडच्या. मी पोथी उघडली की त्या आपल्या आपण डोक्यावर पदर घ्यायच्या. कुणी सांगितलं नव्हतं. अण्णांनी एकदा कौतुकाने बघितलं तर म्हणाल्या, "पढणं चाललंय ना? मग पढण्याला मान द्यावा लागतो."

मला खरं सांगू का, पोथीतलं मला फार कळत नव्हतं. पण मी बोलतेय आणि चार माणसं हातातलं काम ठेवून ऐकताहेत, असं माझ्या आयुष्यात तोवर घडलंच नव्हतं. गावाला मी आले काय आणि गेले काय, भाकरी वेळेवर झाली म्हणजे झालं.

श्रावण संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी नळाचं पाणी भरून झाल्यावर बघते तो सगळ्या जणी माझ्या दारात. सवयीने आलेल्या. परत जा कसं म्हणायचं? आमच्या ह्यांना कंपनीजवळच्या कामगार केंद्रात कॅरम खेळायचा नाद होता आणि तिथे एक लहानशी लायब्ररी होती. मी मागे लागले म्हणून ते कधीमधी एखादं पुस्तक आणायचे. निवडायची त्यांची एकच पद्धत, हातात घेऊन जाडी बघायची. "जाड आहे, पुरेल तुला." तसंच एक जाड पुस्तक घरात होतं. मी म्हटलं, बसा, हे वाचू या.

ती कादंबरी होती. नवरा परागंदा झालेली एक बाई खानावळ काढते आणि बारा वर्षांनी तो दारात येऊन उभा राहतो, अशी. मी पुस्तक पाटावर ठेवलं आणि सखूबाईने, तिचं मन कुठे होतं देव जाणे, सरळ चिमूटभर हळदकुंकू मुखपृष्ठावर वाहिलं. ताराने आत जाऊन नारळ आणला. मी हसणार होते, पण त्यांचे चेहरे बघून हसले नाही. मग ती कादंबरी आम्ही पोथीसारखी वाचली. मध्ये कुणी उठायचं नाही, अर्धी सोडायची नाही. त्या बाईने नवऱ्याला घरात घ्यावं की नाही, यावर आमचं नळावर भांडण झालं. जैनबभाभी म्हणाल्या, जेवायला वाढावं आणि वाटेला लावावं, खानावळच आहे ना ती. समाप्तीला शिरा झाला.

पुस्तक परत गेलं ते कुंकवाचे डाग आणि तुपाची बोटं घेऊन. लायब्ररीवाल्यांनी आमच्या ह्यांना चांगलंच फैलावर घेतलं. हे घरी येऊन माझ्यावर घसरले, "तुझं तू निस्तर. मी काही आता पुस्तक आणायचा नाही." मग मीच गेले. त्या केंद्रात बाई आलेली बघून कॅरमवरची माणसं स्ट्रायकर हातात धरून बसून राहिली. लायब्ररीवाले चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, पुस्तक वाचायला दिलं होतं, पुजायला नाही."

आईचा तो पदर ओढणारा हात मला आठवला, शप्पथ सांगते. आणि तरी मी म्हणाले, "पुजलं म्हणूनच तर शेवटपर्यंत वाचलं. तुमच्या कपाटातल्या कितीतरी पुस्तकांची कडेला जोडलेली पानंसुद्धा अजून कुणी फोडलेली नाहीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं. मग टेबलाखालून खाकी कागद काढून माझ्यापुढे सारला. "कव्हर घाला. काय वाहायचं ते कव्हरावर वाहा." त्या दिवसापासून पुस्तक मी निवडायला लागले.

त्यानंतर आम्ही काय काय वाचलं! एक प्रवासाचं पुस्तक होतं, महिनेच्या महिने सूर्य मावळत नाही अशा देशाचं. जैनबभाभींनी मला तिथेच थांबवलं, "मग रोजा सोडायचा कधी त्या लोकांनी?" सखूबाई म्हणाली, "आन् आमचे हे तिथं असते तर रातपाळी कशाला म्हनले असते?" आकाशातल्या ताऱ्यांचं एक पुस्तक होतं. ते वाचल्यावर साडेसातीला घाबरणं मी सोडून दिलं. शनी नावाचा तो लांबचा गोळा आपल्याच वाटेने फिरतोय, पिंपरीतल्या एका खोलीकडे बघायला त्याला सवड कुठली? माणसांच्या हक्कांचं, कायद्याचं सोप्या भाषेतलं एक होतं. त्याने मला एवढं शिकवलं की रागाने बोलण्यापेक्षा नेमकं बोलावं. एकेक पुस्तक संपायचं आणि माझी मान थोडी वर यायची. ह्यांचं पोट केव्हाच बरं झालं होतं. गावाकडून निरोप यायचे आणि मी पुढच्या महिन्यावर ढकलायचे.

आणि मग ते पुस्तक आलं.

एका डॉक्टरीणबाईंनी बायांसाठी लिहिलेलं होतं ते. पाळी का येते, पोटात मूल कसं वाढतं, बाळंतपणात काय जपावं, दोन मुलांत अंतर कसं ठेवावं. मी मुद्दाम निवडलं. नेहमीप्रमाणे नारळ फुटला, कव्हरावर कुंकू लागलं. पहिल्या दिवशी मी पुस्तकातून मान वर न काढता वाचलं. सखूबाई भिंतीकडे तोंड करून ऐकत होती. पण मुलगा होणार की मुलगी, ते आईवर नाही, बापाकडून काय येतं त्यावर ठरतं, असं ज्या पानावर होतं तिथे ती गर्रकन वळली. म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. "अजून एकदा." मग तिने तोंडाला पदर लावला आणि जी रडली! इतक्या वर्षांचं ऐकून घेतलेलं सगळं बाहेर आलं. त्या दुपारी पुढे काही वाचून झालं नाही.

दोन-तीन दिवसांनी अण्णा काहीतरी सांगायला आमच्या खोलीत डोकावले. पाट, कुंकू, उदबत्ती, डोक्यावर पदर घेतलेल्या बाया. त्यांना वाटलं, पोथीच लागली आहे. चपला बाहेर काढल्या, आत आले, उघड्या पुस्तकावर डोकं टेकवून नमस्कार केला आणि ताराला, स्वतःच्या सुनेला, विचारलं, "कंचा अध्याय चाललाय, पोरी?"

ताराला दिवस गेलेले. ती जमिनीकडे बघत म्हणाली, "बाळंतपणाचा, मामंजी."

अण्णांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. त्या पानावर चित्र होतं, बाईच्या पोटातलं मूल दाखवणारं. ज्याला नमस्कार केला ते काय आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मला हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती. "देवाचं कुकू असल्या पुस्तकाला? माज्या चाळीत? हे आत्ताच्या आत्ता बंद व्हाया पायजे."

मी काही बोलणार त्याआधी सखूबाई उभी राहिली. नवऱ्यापुढे कधी आवाज न काढलेली सखूबाई! म्हणाली, "अण्णा, नारळ फोडलाय, कुकू लावलंय. तुमीच सांगता ना, लावलेली पोथी मधी सोडू न्हाई? मग ह्ये पाप कुनाच्या डोक्यावर? तुमच्या का आमच्या?"

अण्णा देवभोळे, तिथेच अडकले. पण आमच्या ह्यांना बाहेर गाठून त्यांनी सांगितलं, "बायकूला गावाकडं धाड, न्हाईतर खोली मोकळी कर." शिवाय खटावकडे जाणाऱ्या एकाकरवी मामंजींना निरोप पोचवला. खोली गेली तर दुसरी मिळणं सोपं नव्हतं. आणि मी गावी गेले तर पुन्हा कधी बाहेर पडणार नव्हते, हे मला लख्ख दिसत होतं.

मामंजी आले. खांद्यावर आमच्यासाठी ज्वारीचं पोतं होतं. ते वाईट नव्हते हो. सुनेला न्यायला येतानाही त्यांनी ज्वारी आणली. पोतं उतरवलं आणि म्हणाले, "पिशवी भर." जैनबभाभी दारातून म्हणाल्या, "बाबा, पढणं अर्धं आहे. पढणारीला मधी उठवू नका. बरं नसतंय ते." मामंजी स्वतः जन्मभर पोथी लावणारे. त्यांना ते मोडवेना. "संपू दे," म्हणाले, आणि समोर अण्णांच्या ओट्यावर आमच्याकडे पाठ करून बसले. उरलेले अध्याय संपेपर्यंत ते तिथेच. अण्णांकडे जेवायचे, अण्णांकडे झोपायचे. मी आत अंगावर पाजण्याबद्दल वाचायची आणि ते बाहेर मोठ्याने हरिनाम घ्यायचे. त्यांचा आवाज चढला की मी माझा चढवायची.

समाप्तीच्या दिवशी त्यांनी टोपी झटकली आणि उठले. आणि काय बघते, सखूबाईने पदराखालून दुसरं पुस्तक काढलं. कव्हर घातलेलं, कुंकू लावलेलं. ताराच्या हातात नारळ तयार. शिरा खायच्या आत नवी पोथी लावायची, म्हणजे मला पुन्हा उठता यायला नको, अशी त्यांनी मसलत केली होती. ती संपली की तिसरी. तीन जणी माझ्याकडे डोळे लावून बसल्या होत्या. मला मिठी मारावीशी वाटली त्यांना.

पण मी ते पुस्तक बाजूला ठेवलं. देवाच्या रीतीआड लपून मी इथे राहिले असते, तर जन्मभर लपूनच राहावं लागलं असतं. मी बाहेर ओट्यावर गेले. डोक्यावर पदर होता, पण मान वर होती. म्हणाले, "मामंजी, पोथी संपली. आता माझ्यावर कसलंही बंधन नाही. आणि मी येत नाही. मला इथं राहायचंय."

"कुणाला इचारून?"

"मलाच विचारलं."

तेवढ्यात आमचे हे कंपनीतली पहिली पाळी करून आले. मामंजी त्यांच्याकडे वळले, "ऐकलंस? काय म्हनतीय ती ऐकलंस?" ह्यांनी सायकल भिंतीला लावली, माझ्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं. मला वाटलं, आता कायद्याच्या पुस्तकातलं निदान एखादं वाक्य तरी हा माणूस बोलेल. हे म्हणाले, "दादा, पर मग माझ्या डब्याचं काय?"

त्यावरून मी त्यांना आजही छळते. पण त्या क्षणी तेवढं पुरलं. एक डबा का असेना, तो माझ्या बाजूने पडला.

मामंजींनी पिशवी उचलली. "मी जित्ता हाय तवर तुज्या हातचं पानी घेनार न्हाई," म्हणाले, आणि एसटीकडे चालू लागले. पोतं मात्र परत नेलं नाही. त्या ज्वारीची पहिली भाकरी मी ह्यांच्या डब्यात बांधली आणि दुसरी स्वतः खाल्ली. अण्णा पुढे दर महिन्याला खोली रिकामी करा म्हणायचे आणि दर महिन्याला भाडं घ्यायचे. तारा हट्टाने दवाखान्यात बाळंत झाली. नातू मांडीवर आल्यावर अण्णांनी ते वाक्यही सोडून दिलं.

आता आम्ही संत तुकाराम नगरला राहतो. दोन खोल्या आहेत, नळ घरात आहे. मला दोन मुली झाल्या आणि मी तिथे थांबले. वंशाचं काय, असं तुम्ही जत्रेत विचारता. वंश दोघी मिळून शाळेत जातो, पाढे म्हणतो आणि माझ्याशी भांडतो, चांगलं चाललंय त्याचं. त्या चार दिवसांत मी बाजूला बसत नाही. नवऱ्याच्या आधी भूक लागली तर आधी जेवते. यातलं एकही मी रागाच्या भरात सुरू केलं नाही. वाचलं, पटलं आणि केलं. कुणाला त्यात वाया जाणं दिसत असेल तर दिसो.

मामंजींनी शब्द पाळला. मी गावी यायची तेव्हा ते माझ्या हातचा तांब्या घ्यायचे नाहीत, दुसऱ्या सुनेला हाक मारायचे. मला त्याचं वाईट वाटायचं. पण माझं म्हणणं मागे घ्यावं, असं एकदाही वाटलं नाही. मागच्या वर्षी ते गेले. दहाव्याला पुरुष सगळे नदीवर गेलेले, आणि आपण बायका मधल्या खोलीत बसलेलो. तुमच्यातल्या ज्या त्या दुपारी नव्हत्या, त्यांना हे सांगायलाच हवं. माझी धाकटी जाऊ मालन पहिलटकरीण. इकडे तिकडे बघत ती हळूच म्हणाली, "अक्का, ज्येच्यापायी एवढं झालं, त्या पुस्तकात हुतं तरी काय?"

माझ्याजवळ पुस्तक नव्हतं. गरजही नव्हती. मी सांगायला लागले. पाळीचं सांगितलं, मुलगा-मुलीचं सांगितलं. आत्याबाई, माझ्या सासूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं, डोळे मिटलेले. मामंजी गेल्यापासून त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या. बाळाची नाळ कापायची ती उकळलेल्या पात्याने, शेतातल्या विळ्याने कधीही नाही, असं मी म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले. आईचा पहिला चीक फेकून द्यायचा नाही, तोच बाळाला पाजायचा, तेच त्याचं औषध, असं सांगताना त्यांची नजर माझ्यावर होती. त्यांची किती लेकरं आठवड्याच्या आत गेली, ते त्या घरात कधी कुणी बोलत नसे. मी थांबले.

"आमाला कुनी सांगितलंच न्हाई," आत्याबाई म्हणाल्या. इतकंच.

बाहेर नदीवरून परतणाऱ्या पुरुषांचे आवाज यायला लागले. मालन दचकून उठली, बाकीच्या पदर सावरायला लागल्या. माझी मान, इतक्या वर्षांनी, जुन्या सवयीने खाली गेली.

"बस खाली," आत्याबाई म्हणाल्या. "मालन, दार लाव आधी. आन् कुसुम, तू फुडचं सांग."

मालनने दार लावलं. माझं घर पिंपरीला आहे, ते मी भांडून मिळवलंय आणि कुणाला परत देणार नाही. पण लग्न होऊन ज्या घरात मी आले होते, तेही त्या दुपारी पहिल्यांदाच माझं झालं. मी मान वर केली आणि पुढचं सांगितलं, बाहेर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.